हिमनदीच्या तळाशी

ऑगस्ट १८२० मध्ये डॉ. जोसेफ हॅमेल यांची तुकडी माँ ब्लाँ चढत असताना हिमस्खलन झालं आणि शामोनीचे तीन वाटाडे एका खोल भेगेत गाडले गेले. पुढे बावीस वर्षांनी जेम्स डेव्हिड फोर्ब्ज या स्कॉटिश भौतिकशास्त्रज्ञानं त्याच पर्वतसमूहातल्या मेर द ग्लास हिमनदीवर थिओडोलाइट हे कोन मोजणारं उपकरण मांडलं. बर्फ रोज किती पुढे सरकतो हे त्यानं मोजलं, आणि त्या आकड्यांवरून एक हिशेब केला: अपघातानंतर साधारण चाळीस वर्षांनी त्या तिघांचे अवशेष बॉसॉन हिमनदीच्या खालच्या टोकाशी बाहेर पडतील. १८६१ च्या ऑगस्टमध्ये ते बाहेर पडले. हाडं, कपड्यांचे तुकडे, एक होकायंत्र. त्या अपघातातून वाचलेला एक म्हातारा वाटाड्या अजून हयात होता. आपल्या सोबत्यांचे अवशेष त्यानं ओळखले.

हिमनदीशास्त्राची सुरुवात सांगायला मला याहून योग्य प्रसंग सुचत नाही. डोळ्यांना स्थिर दिसणारी गोष्ट मोजमापाच्या बळावर चालती ठरली आणि तिचं भाकीत माणसांच्या दुःखाशी येऊन भिडलं. तेव्हापासून आजपर्यंतच्या अभ्यासाचा आढावा घेताना एक गोष्ट वारंवार समोर येते. हिमनदीचा पृष्ठभाग किती वेगानं सरकतो हे आज आपल्याला जवळपास साऱ्या पृथ्वीबद्दल ठाऊक आहे. ती का सरकते, कधी उसळते, कधी मंदावते आणि खालचा खडक किती कोरते, या साऱ्याचा निकाल मात्र तळाशी लागतो. आणि तळ दिसत नाही.

फोर्ब्जच्या आधी दोन वर्षं लुई अगासी आपल्या सहकाऱ्यांसह स्वित्झर्लंडमधल्या उंटरआर हिमनदीवर एका प्रचंड शिळेच्या आडोशाला मुक्काम ठोकून राहिला होता. फ्रान्झ योसेफ हुगी यानं १८२७ मध्ये याच हिमनदीवर बांधलेली झोपडी मूळ जागेपासून किलोमीटरहून जास्त खाली गेलेली अगासीला आढळली. त्यानं हिमनदीच्या आडव्या रेषेत खुंट रोवले. काही काळानं पाहिलं तर रेषा वाकली होती: मधले खुंट पुढे गेले होते, काठचे मागे राहिले होते. पात्राच्या कडांशी घर्षण असतं म्हणून पाण्याची नदी मध्यात वेगानं वाहते. बर्फही तेच करत होता. ऱ्होन हिमनदीवर १८७४ पासून रंगवलेल्या दगडांच्या रांगा मांडून अनेक दशकं हाच प्रयोग चालू ठेवला गेला.

घन बर्फ वाहतो कसा, यावर मात्र जोरदार वाद झाला. फोर्ब्ज म्हणे बर्फ अतिशय घट्ट द्रवासारखा वाहतो. जॉन टिंडॉल म्हणे तो दाबाखाली मोडतो आणि पुन्हा गोठून सांधला जातो. हा वाद कडवट झाला, व्यक्तिगतही झाला, आणि त्या शतकात सुटला नाही, कारण दोघांपैकी कुणाकडेही हिमनदीच्या आतलं मोजमाप नव्हतं. ते मिळायला १९४८ साल उजाडलं. मॅक्स पेरुट्झनं युंगफ्राउच्या हिमक्षेत्रात उभं भोक पाडून त्यात पोलादी नळी सोडली आणि ती कशी वाकते ते पाहिलं. नळीचा वरचा भाग पुढे झुकत गेला. पृष्ठभाग तळापेक्षा वेगानं जातो हे सिद्ध झालं. (याच पेरुट्झला पुढे हिमोग्लोबिनच्या रचनेसाठी १९६२ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.) पाठोपाठ केंब्रिजमध्ये जॉन ग्लेननं बर्फाच्या ठोकळ्यांवर वजनं ठेवून त्यांचा आकार बदलण्याची गती मोजली. ताण दुप्पट केला की बर्फाचा आकार बदलण्याचा वेग साधारण आठपट होतो, हा त्याचा निष्कर्ष आजही हिमनद्यांच्या जवळजवळ प्रत्येक संगणकीय प्रारूपाच्या मुळाशी आहे. म्हणूनच बर्फाची जाडी थोडी घटली की वेग फार घटतो. हे लक्षात ठेवायला हवं, कारण हिमालयाची आजची गोष्ट इथूनच सुरू होते.

बर्फ आतून वाकतो, ही झाली अर्धी हालचाल. उरलेली अर्धी म्हणजे तळावरून घसरणं, आणि ती जास्त लहरी आहे. बर्फ एखाद्या उंचवट्यावर आदळला की वरच्या बाजूला दाबानं थोडा वितळतो, पाणी उंचवट्याला वळसा घालून पलीकडे जातं आणि दाब कमी होताच गोठतं. योहानेस वीर्टमननं १९५७ मध्ये ही यंत्रणा गणितात मांडली. पण उन्हाळ्यात वरून भेगांमधून जे पाणी खाली उतरतं, त्याचा परिणाम याहून मोठा असतो. तळाशी पाण्याचा दाब वाढला की बर्फाचं ओझं थोडं उचललं जातं आणि हिमनदी सुटते. मात्र पाणी खूप झालं की ते स्वतःसाठी बोगदे खोदतं, निचरा सुधारतो, दाब उतरतो आणि हिमनदी पुन्हा मंदावते. जास्त वितळणं म्हणजे नेहमीच जास्त वेग, असं सरळ समीकरण मांडता येत नाही ते यामुळे.

हे तळाशी जाऊन पाहण्याची माणसाची जिद्द मला या साऱ्या इतिहासात सर्वांत भावते. फ्रान्समध्ये आर्जेंतिएर हिमनदीच्या खालच्या पोकळीत शास्त्रज्ञांनी सायकलचं चाक बर्फाच्या छताला टेकवून बसवलं. वरून बर्फ घसरतो तसं चाक फिरतं आणि घसरण्याचा वेग नोंदला जातो. नॉर्वेत एंगाब्रीन हिमनदीखाली, जलविद्युत प्रकल्पाच्या बोगद्यांचा आधार घेऊन, सुमारे २०० मीटर बर्फाखाली प्रयोगशाळा आहे. गरम पाण्याच्या फवाऱ्यानं बर्फात गुहा खणायची, उपकरणं लावायची आणि बर्फ ती गुहा पुन्हा मिटवून टाकण्याच्या आत बाहेर यायचं, असं तिथलं काम चालतं. ज्यांना असा बोगदा मिळत नाही ते तळ प्रयोगशाळेत आणतात. नील आयव्हरसन आणि लुकास झूट यांनी शीतगृहात बर्फाचं कडं बनवून ते मऊ गाळावर फिरवलं. २०२० मध्ये त्यांनी दाखवलं की वेग वाढतो तसा तळाचा विरोध एका मर्यादेपर्यंतच वाढतो. त्यापुढे वेग कितीही वाढला तरी विरोध तिथंच राहतो. पश्चिम अंटार्क्टिकाचे अजस्र बर्फप्रवाह अशाच मऊ गाळावर टेकलेले असल्यानं समुद्रपातळीच्या अंदाजांना हा छोटा प्रयोग थेट लागू पडतो. त्याच भागातला व्हिलन्स बर्फप्रवाह तर दिवसातून साधारण दोनदा, अर्ध्या तासाच्या आत, सुमारे अर्धा मीटर पुढे उडी घेतो आणि मग बराच वेळ अडून बसतो. हे धक्के भूकंपमापकांवर उमटतात. तळाचा आवाज ऐकण्याचं ते एक साधन झालं आहे.

काही हिमनद्या वर्षानुवर्षं जवळपास थबकून असतात आणि अचानक उसळतात. अलास्कातली व्हेरिगेटेड हिमनदी १९८२-८३ मध्ये उसळली तेव्हा तिचा वेग दिवसाला ६५ मीटरपर्यंत पोचला. नंतर तिच्या टोकातून पाण्याचा लोंढा बाहेर पडला आणि काही तासांत वेग कोसळला. बार्कली कॅम्ब आणि सहकारी तेव्हा जागेवर मोजमाप करत होते, म्हणून तळाशी कोंडलेलं पाणी हेच उसळीचं कारण असल्याचं ठामपणे सांगता आलं. काराकोरममध्ये अशा हिमनद्यांची दाटी आहे. हुंझा खोऱ्यातली शिश्पर हिमनदी २०१८ मध्ये उसळून शेजारच्या ओढ्यावर आडवी आली, पाणी तुंबून सरोवर झालं, ते पुन्हा पुन्हा फुटलं, आणि मे २०२२ मध्ये काराकोरम महामार्गावरचा हसनाबादचा पूल वाहून गेला.

एवढ्या दुर्गम मुलुखात खुंट रोवायला माणसं किती ठिकाणी पोचणार? इथं उपग्रह आले. वेगवेगळ्या तारखांची दोन छायाचित्रं घ्यायची, भेगांच्या आणि दगडधोंड्यांच्या नक्ष्या संगणकानं जुळवायच्या, आणि प्रत्येक नक्षी किती सरकली ते मोजायचं. रडारच्या साहाय्यानं हेच काम ढगांतून आणि रात्रीही होतं. पावसाळाभर ढगांखाली असणाऱ्या हिमालयासाठी हा फरक फार मोठा आहे. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून निघालेला, इस्रो आणि नासा यांचा संयुक्त उपग्रह निसार दर १२ दिवसांनी जवळपास साऱ्या भूपृष्ठावरून फिरतो. त्यातलं एस-बँड रडार भारतीय बनावटीचं आहे.

उपग्रहांनी काय दाखवलं? ग्रीनलंडमधली याकोब्सहाव्हन हिमनदी २०१२ च्या उन्हाळ्यात वर्षाला सुमारे १७ किलोमीटर या दरानं समुद्राकडे धावत होती. हिमालयात उलट घडतं आहे. अमोरी देहेक आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये आशियाच्या उंच पर्वतांची सुमारे दहा लाख चित्रजोड्या तपासल्या. अकरापैकी नऊ प्रदेशांत हिमनद्या मंदावल्या होत्या, आणि लाहौल-स्पितीत तर दशकाला ३४ टक्क्यांच्या आसपास. कारण ग्लेनच्या नियमात आहे: बर्फ पातळ झाला, उतारावरचा रेटा घटला, वेग उतरला. त्याच वर्षी जोशुआ मॉरर आणि सहकाऱ्यांनी शीतयुद्धातल्या अमेरिकी हेर-उपग्रहांची जुनी छायाचित्रं वापरून हिमालयातल्या ६५० हिमनद्या तपासल्या. २००० नंतर बर्फ पातळ होण्याचा दर आधीच्या पंचवीस वर्षांच्या दुप्पट निघाला. काराकोरम मात्र या दोन्ही कथांत वेगळा राहतो. तिथले वेग टिकून आहेत किंवा किंचित वाढले आहेत.

गंगोत्री हिमनदीच्या टोकाशी, गोमुखापर्यंत जाऊन आलेले अनेक यात्रेकरू आणि ट्रेकर्स महाराष्ट्रात आहेत, म्हणून इथं एक गैरसमज दूर करायला हवा. हिमनदी मागे हटते म्हणजे बर्फ मागे जात नाही. तो नेहमी खालीच येत असतो. वरून येणाऱ्या बर्फापेक्षा टोकाशी वितळणारा बर्फ जास्त झाला की टोक वर सरकतं. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या जॉन ऑडेननं १९३५ मध्ये गंगोत्रीच्या टोकाचा नकाशा केला. त्यानंतरच्या सहा दशकांत ते टोक सरासरी वर्षाला वीसेक मीटर मागे गेलं. पण नुसतं टोक पाहून हिमनदीची प्रकृती कळत नाही. गंगोत्रीच्या खालच्या भागावर दगडमातीचा जाड थर आहे. असा थर बर्फाला उन्हापासून झाकतो. टोक जागच्या जागी राहून आतला बर्फ पातळ आणि मंद होत जाणं हिमालयात सर्रास घडतं.

आत काय चाललं आहे हे कळायला जमिनीवरचं काम लागतं. लाहौलमधल्या छोटा शिग्री या सुमारे नऊ किलोमीटर लांबीच्या हिमनदीवर २००२ पासून दरवर्षी बर्फात बांबू रोवून किती वितळलं आणि किती सरकलं याची नोंद होते. जमिनीत शिरणाऱ्या रडारनं तिची जाडीही मोजली आहे. मधोमध ती अडीचशे मीटरहून जास्त भरते. चंद्रा नदीच्या याच खोऱ्यात, सुमारे ४,००० मीटर उंचीवर, गोव्यात वास्को इथं मुख्यालय असलेल्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि सागरी संशोधन केंद्रानं २०१६ मध्ये ‘हिमांश’ हे संशोधन केंद्र उभारलं. समुद्रकिनाऱ्यावरच्या संस्थेतून दर उन्हाळ्यात स्पितीच्या थंडीत उतरणाऱ्या या मंडळींबद्दल आपल्या वर्तमानपत्रांत फार कमी छापून येतं, याची मला खंत वाटते. उपग्रहाच्या प्रत्येक आकड्याची खातरजमा शेवटी अशा बांबूंवरच होते.

वेगाचा आणखी एक उपयोग आहे. पृष्ठभागाचा वेग आणि उतार कळला की जाडीचा अंदाज बांधता येतो. रोमँ मिलाँ आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये असं जगभरच्या हिमनद्यांसाठी केलं, आणि हिमालयात आधीच्या अंदाजापेक्षा ३७ टक्के जास्त बर्फ असल्याचं त्यांच्या हाती आलं. हा दिलासा नाही. पण आपल्या पाण्याच्या ठेवीचा अंदाज एवढ्यानं चुकू शकतो, हे कळणंही मोलाचं आहे.

आता भूरूपांकडे. हिमनदी खडक दोन प्रकारे कोरते: तळाच्या भेगांत गोठून खडकाचे चिरे उपसून काढते, आणि तेच चिरे बर्फात धरून खालचा खडक घासते. जात्याच्या पाळीखालून पीठ पडावं तसं या घासण्यातून दगडाचं बारीक पीठ होतं; हिमालयातल्या नद्यांचं उन्हाळ्यातलं दुधाळ पाणी म्हणजे तेच पीठ. यू आकाराच्या दऱ्या, कड्यावरून धबधबा सोडणाऱ्या लोंबत्या दऱ्या, हिमगव्हरं, मेषशिला, हिमोढांचे बांध, ही नावं आपण शाळेच्या भूगोलात पाठ केलेली असतात. खरा प्रश्न असा की हे कोरण्याचा दर कशावर ठरतो.

न्यूझीलंडच्या फ्रान्झ जोसेफ हिमनदीवर फ्रेडेरिक हर्मान आणि सहकाऱ्यांनी याचं सुरेख उत्तर शोधलं. तिथल्या खडकातल्या ग्रॅफाइटची ठेवण जागेनुसार बदलते. हिमनदीखालून बाहेर पडणाऱ्या गाळातला ग्रॅफाइट तपासून तो कण नेमक्या कुठल्या भागातून आला ते ठरवता आलं, आणि त्या त्या भागाच्या वेगाशी ताडता आलं. झीज घसरण्याच्या वेगाच्या साधारण वर्गाच्या प्रमाणात वाढते, असं २०१५ मध्ये त्यांनी मांडलं. वेग दुप्पट, तर कोरणं चौपट. उलट जिथं तळ खडकाला गोठून चिकटलेला असतो तिथं बर्फ जमिनीचं रक्षणच करतो. ग्रीनलंडच्या मध्यावर तीन किलोमीटर बर्फाखालून काढलेल्या नमुन्यात सुमारे २७ लाख वर्षांपूर्वीच्या मातीचा अंश सापडला. इतका काळ वर बर्फ असूनही ती खरवडली गेली नव्हती. म्हणजे बर्फ किती आहे यापेक्षा तळ ओला आहे की गोठलेला, हे महत्त्वाचं. पॅटागोनियातल्या उबदार हिमनद्या अंटार्क्टिक द्वीपकल्पातल्या थंड हिमनद्यांपेक्षा शेकडो पटींनी जास्त कोरतात, हे मिशेल कोप्स यांच्या अभ्यासातून पुढे आलं, तेही याच धाग्यातलं.

हिमनदी नाहीशी झाल्यावर तिच्या हालचालीचा काळ कसा कळतो? उघड्या पडलेल्या शिळेवर वैश्विक किरणांचा मारा होतो आणि तिच्या क्वार्ट्झमध्ये बेरिलियम-१० हळूहळू साठतं. ते मोजलं की बर्फानं ती शिळा कधी सोडली ते सांगता येतं. अशा आणि इतर कालमापनांवरून गंगोत्री हिमनदी सुमारे ६० हजार वर्षांपूर्वी आजच्या गोमुखापासून चाळीसेक किलोमीटर खाली, ‘झाला’ या गावापर्यंत, पोचत होती असं मानलं जातं. त्याच खोऱ्यातली हर्षिलची ऐसपैस दरी पाहताना हे ध्यानात ठेवलं तर तिची रुंदी समजते.

आणि महाराष्ट्र? सह्याद्रीच्या बसाल्टवर हिमनदी कधीच नव्हती. पण चंद्रपूरजवळ इरई इथं चुनखडीच्या जुन्या फरशीवर समांतर ओरखडे आणि गुळगुळीत घासलेला पृष्ठभाग आहे, आणि त्यावर तालचीर थराच्या शिळा. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या फ्रान्सिस फेडननं १८७५ मध्ये त्याचं वर्णन छापलं. त्याआधी १८५६ मध्ये ब्लॅनफर्ड बंधूंनी ओडिशातल्या तालचीरच्या शिळांवरून तिथं बर्फ होता असं सुचवलं होतं. उन्हाळ्यात देशात सर्वांत तापणाऱ्या शहरांमध्ये ज्याचं नाव येतं त्या चंद्रपुरात सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी बर्फ खडक घासत सरकत होता. तेव्हा भारत गोंडवन खंडाचा भाग म्हणून दक्षिण ध्रुवाच्या बऱ्याच जवळ होता. दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया आणि भारतातल्या अशाच खुणा आल्फ्रेड वेगेनरनं खंड सरकतात याच्या पुराव्यात मांडल्या. आपल्या कॉलेजांच्या सहली इरईला जायला हव्यात. चालत्या बर्फाचा पुरावा हातानं चाचपून पाहता येईल अशी जागा राज्यात दुसरीकडे क्वचितच असेल.

हिमनदी संपली हेही हालचालीवरूनच ठरतं. अमेरिकेत योसेमिटीची दरी हिमनद्यांनी घडवली असं म्हणणाऱ्या जॉन म्यूरनं १८७२ मध्ये मॅक्ल्यूर हिमनदीवर खुंट रोवून ती दिवसाला साधारण एक इंच सरकते हे दाखवलं होतं. २०१२ मध्ये तिथंच पुन्हा मोजलं तेव्हा मॅक्ल्यूर तेवढ्याच वेगानं चालत होती. शेजारची लायल मात्र थांबली होती. सरकत नसलेल्या बर्फाला हिमनदी म्हणत नाहीत.

हिमालयात बर्फ हटल्यावर जे मागे राहतं तेच आज जास्त घातक ठरतं आहे. ७ फेब्रुवारी २०२१ रोजी चमोलीत रोंती शिखराचा खडक आणि त्यावरची हिमनदी मिळून सुमारे २.७ कोटी घनमीटर माल कोसळला. त्यात खडक जवळपास ८० टक्के होता. ऋषिगंगा आणि धौलीगंगेच्या खोऱ्यात दोनशेहून अधिक माणसं मरण पावली किंवा बेपत्ता झाली. ऑक्टोबर २०२३ मध्ये सिक्कीममधल्या दक्षिण ल्होनाक सरोवरात बाजूचा गोठलेला हिमोढ, सुमारे १.४७ कोटी घनमीटर, एकदम घसरून पडला. वीसेक मीटर उंचीची लाट उठली, सरोवराचा बांध फुटला आणि तिस्तेवरचं तिसऱ्या टप्प्याचं धरण वाहून गेलं. त्यानंतर जुनी उपग्रहचित्रं तपासली तेव्हा कळलं की तो उतार त्याआधीची काही वर्षं, जागोजागी वर्षाला १५ मीटरपर्यंत, सरकत होता.

म्हणजे हालचाल चित्रांत होती, ती वेळेवर मोजून खालच्या गावांपर्यंत पोचवणारी व्यवस्था नव्हती. फोर्ब्जला एका थिओडोलाइटवर जे भाकीत करता आलं त्यापेक्षा कितीतरी जास्त सामग्री आज आपल्या हाती आहे, आणि दर १२ दिवसांनी ती नव्यानं येते. हिमसरोवरांच्या काठचे उतार, त्यांवर लोंबणारा बर्फ आणि खालचे जलविद्युत प्रकल्प एकाच नकाशावर ठेवून त्यांचे वेग दर महिन्याला जाहीर झाले पाहिजेत, आणि छोटा शिग्रीसारख्या हिमनद्यांवरची नोंद एकाही वर्षी खंडित होता कामा नये. भूगर्भशास्त्र किंवा भूगोल शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांनी या कामाकडे वळावं; हिमालयात मोजायच्या हिमनद्या हजारो आहेत आणि मोजणारे हात फार थोडे.